पोर्ट एलनची 1978 ची बाटली: ठेवू, विकू की उघडू?

आधी प्रश्न सांगतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या एका वाचकाचे मामा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांनी 2003 साली सिंगापूरला घेतलेली स्कॉचची एक बाटली दापोलीच्या घरात लाकडी कपाटात उभी ठेवलेली सापडली. पोर्ट एलन, 1978 साली गाळलेली, 24 वर्षांची, 59.35 टक्के मद्यार्काची, ‘सेकंड रिलीज’. एकदाही उघडलेली नाही. डबा आहे, मामांच्या फायलीत दुकानाची पावती आहे. पण आतली पातळी मानेतून उतरून खांद्याशी आली आहे आणि लेबलाचा एक कोपरा कसरीने खाल्ला आहे. ओळखीतले एक गृहस्थ रोख पैसे द्यायला तयार आहेत. तर, बाटली खरी असेल का, आणि ठेवावी, विकावी की उघडावी?

मी गेली सतरा वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे. लिलावासाठी येणाऱ्या जुन्या बाटल्या तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल. माझं मत मात्र आधीच सांगून टाकतो: बाटली बहुधा खरी आहे, आणि ती उघडावी. संग्राहक ज्या गोष्टींचे पैसे मोजतो, त्यातल्या दोन तुमच्या बाटलीने गमावल्या आहेत. पिणारा ज्यासाठी जीव टाकतो, ती गोष्ट अजून आत असण्याची दाट शक्यता आहे.

पोर्ट एलन हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावरचं गाव. बेटाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एस’ असला तरी उच्चार ‘आयला’. मराठी माणूस हे नाव एकदा ऐकलं की विसरत नाही. मुख्य भूमीवरून येणाऱ्या काही फेरीबोटी या गावाच्या धक्क्याला लागतात, आणि धक्क्यावरून डावीकडे नजर टाकली की समुद्राला पाठ टेकून उभी असलेली पांढरी गोदामं दिसतात. इथली डिस्टिलरी 1825 ची. 1930 च्या सुमारास ती बंद पडली, 1967 साली पुन्हा सुरू झाली, आणि मे 1983 मध्ये परत बंद झाली. म्हणजे आज संग्राहक ‘पोर्ट एलन’ म्हणतात ती जवळजवळ सगळी व्हिस्की त्या सोळा वर्षांतली आहे.

बंद का पडली, हे समजून घेण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकात सगळ्यांनी भरमसाठ उत्पादन केलं आणि ऐंशीच्या सुरुवातीला मागणी कोसळली. गोदामं भरलेली, गिऱ्हाईक नाही. डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड या मालक कंपनीकडे आयलावर तीन डिस्टिलऱ्या होत्या: लागवुलिन, कल ईला आणि पोर्ट एलन. लागवुलिनचं नाव मोठं होतं. कल ईला सत्तरच्या दशकात नव्याने बांधून मोठी केलेली होती. धुराच्या व्हिस्कीची गरज तेवढ्यावर भागत होती. उरली पोर्ट एलन, तिच्यावर कुऱ्हाड पडली. त्याच वर्षी उत्तरेकडची ब्रोरा आणि आणखी कितीतरी डिस्टिलऱ्या गेल्या. पोर्ट एलन कमी दर्जाची होती असं कुणी म्हटलं नव्हतं. हिशेबात ती जास्तीची ठरली, इतकंच.

आता पुढचा मुद्दा माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. पोर्ट एलन कुणी सिंगल माल्ट म्हणून, म्हणजे एकाच डिस्टिलरीची व्हिस्की म्हणून, पिण्यासाठी बनवत नव्हतं. तिचा धूर ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्र व्हिस्कीत, मिसळायचा, चार-आठ-बारा वर्षांत संपवायचा, असा तो मामला. त्यामुळे ती ज्या पिंपांत भरली गेली ती बरीचशी साधी, वापरून झालेली, दोन-तीनदा आधीच भरून रिकामी केलेली होती. चांगल्या पिंपाला व्हॅनिला, सुका मेवा, मसाला असं बरंच काही द्यायचं असतं. थकलेल्या पिंपाकडे देण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. ते व्हिस्कीला फक्त श्वास घेऊ देतं. डिस्टिलरी बंद पडली, पिंपं गोदामात राहिली, वीस वर्षं गेली, पंचवीस गेली. नव्या, जोरकस लाकडात एवढी वर्षं काढली असती तर व्हिस्की लाकडाच्या चहासारखी कडू झाली असती. थकलेल्या पिंपांनी तिला सांभाळलं. आज जिच्यासाठी लोक हजारो पौंड मोजतात ती चव अशी दुर्लक्षातून तयार झालेली आहे. ठरवून तसं कुणी केलं नसतं, कारण एवढी वर्षं थांबायचं धाडस त्या काळी कुणात नव्हतं.

धुराचंही वेगळं गणित आहे. शाळेच्या भूगोलात कोळशाचे प्रकार पाठ केले होते ना, पीट, लिग्नाइट, बिटुमिनस, अँथ्रासाइट? त्यातला पहिला तो पीट. आयलावर झाडं कमी. शेवाळ, हेदरची झुडपं, गवत पाणथळ जमिनीत हजारो वर्षं कुजत दबून तो तयार होतो. भिजवून मोड आणलेली बार्ली या पीटच्या धुरावर वाळवली की धुरातली फिनॉल नावाची रसायनं दाण्याला चिकटतात. बाटल्यांवर, जाहिरातींत ‘पीपीएम’ (दहा लाखांत किती भाग) म्हणून जो आकडा मिरवतात तो या वाळवलेल्या दाण्यातल्या फिनॉलचा असतो. लागवुलिन आणि कल ईलाची बार्ली साधारण 35 च्या आसपास, आयलावरच्याच लाफ्रॉइगची 40 ते 45, आर्डबेगची 50 ते 55. पण दाणा दळताना, आंबवताना, गाळताना यातलं निम्म्याहून जास्त निघून जातं. धुराचे जड घटक भट्टीतून उशिरा उतरतात, म्हणून गाळणारा धार कुठे थांबवतो यावर बरंच ठरतं. आणि उरलेलं पिंपात वर्षागणिक विरत जातं.

म्हणून ‘जुनी आणि धुराची’ व्हिस्की घेताना आपण नेमकं काय विकत घेतो, हे लोकांना सांगावं लागतं. दहा वर्षांची लाफ्रॉइग तोंडावर येते, दवाखान्याच्या दारात उभं राहिल्यासारखी. चोवीस वर्षांच्या पोर्ट एलनमध्ये धूर मागे सरकलेला असतो आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत मेण, लिंबाची साल, ओला दोरखंड, समुद्रकाठचा दगड असं काय काय दिसू लागतं. ज्यांना धुराचा तडाखा हवा असतो त्यांनी या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत, असं मी तोंडावर सांगतो. एवढ्या पैशांत तडाख्याची पेटी येईल.

वयाबद्दलचा एक गैरसमजही दूर करतो, कारण तुमच्या पत्रात तो डोकावतो. मामांनी वीस वर्षं सांभाळली म्हणून ती आता 44 वर्षांची झालेली नाही. व्हिस्की मुरते ती पिंपात, काचेत तिचं वय थांबतं. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यात किंवा बंगळूरात हेच प्रमाण कितीतरी पटीने जास्त, म्हणून तिथल्या उत्तम सिंगल माल्टवरही 24 वर्षं असा आकडा दिसत नाही. तोवर पिंपात फारसं काही उरणारच नाही.

आता तुमच्या बाटलीकडे वळू. डिआजिओने, म्हणजे त्या जुन्या कंपनीच्या आजच्या वारसाने, 2001 पासून दर वर्षी पोर्ट एलनचं एक रिलीज काढलं. ही मालिका 2017 साली सतराव्या रिलीजवर थांबली. पहिलं रिलीज 1979 सालच्या व्हिस्कीचं, 22 वर्षांचं, 6,000 बाटल्या. दुसरं, म्हणजे तुमचं, 2002 चं. त्याच्या 12,000 बाटल्या निघाल्या. सतरापैकी सर्वांत जास्त बाटल्या याच रिलीजच्या, आणि सर्वांत जास्त टक्केवारीही याचीच. पुढे आकडे घसरत गेले. दहाव्यापासून तीन हजार किंवा त्याहून थोड्या कमी बाटल्या येऊ लागल्या. शेवटचं सतरावं रिलीज 37 वर्षांचं होतं, 51 टक्के, 2,988 बाटल्या.

किमतींचं तर विचारूच नका. सुरुवातीची रिलीजं शंभर पौंडांच्या आसपास मिळत होती. जहाजावर काम करणाऱ्या माणसाला ती महाग होती, आवाक्याबाहेर नव्हती. 2012 चं बारावं रिलीज 600 पौंडांना आलं. पुढच्याच वर्षी तेरावं 1,500 ला. कंपनीच्या लक्षात आलं होतं की लोक दुकानातून घेऊन दुसऱ्या दिवशी लिलावात दामदुप्पट करताहेत. मग तो नफा तिने स्वतःच घेतला. मला वाटतं पोर्ट एलन ही पिणाऱ्यांच्या हातून सुटली ती त्या दोन वर्षांत. 2024 साली तर 1978 च्याच, म्हणजे तुमच्या बाटलीच्याच वर्षीच्या, तीन पिंपांतली व्हिस्की 44 वर्षांची म्हणून दोन बाटल्यांच्या संचात आली. 274 संच, प्रत्येकी 45,000 पौंड. त्या आकड्याची आणि तुमच्या बाटलीच्या भावाची तुलना करू नका. साल एक असलं तरी तो वेगळा माल, वेगळा बाजार. शिवाय 2022 नंतर जुन्या व्हिस्कीचे लिलावातले भाव बरेच उतरले आहेत, आणि ज्या रिलीजच्या बाटल्या जास्त, त्यांना उतरत्या बाजारात आधी फटका बसतो.

खरी की खोटी, याबद्दल. सर्वांत मोठा पुरावा तुमच्याकडे आहे, तो म्हणजे पावती. 2003 साली या बाटलीची नक्कल करण्यात कुणाला रस नव्हता, कारण ती तेव्हा दुकानात सहज मिळत होती. बाटली तेव्हापासून एकाच घरात आहे. आमच्या धंद्यात लेबल, काच, कॉर्क या सगळ्यांआधी हा प्रवास विचारतात: कुणी घेतली, कुठे घेतली, मधे कुणाकडे होती. तरी खातरजमा करायची तर तीन गोष्टी पाहा. लेबलावर बाटलीचा क्रमांक असतो, तो 12,000 च्या आतला हवा आणि त्याची छपाई बाकी लेबलाच्या ओळीत नैसर्गिक बसलेली हवी. मानेवरचं वेष्टण बोटाने हळूच फिरवून बघा. ते घट्ट हवं, सैल गोल फिरता कामा नये. तिसरं, नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च मिळतो, तो अंधाऱ्या खोलीत वेष्टणाच्या काठावर धरा. तिथे गोंदाचा निळसर पांढरा ओघळ चमकला तर शंका घ्यावी.

हे तिसरं मी एका बाटलीवर शिकलो. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडे याच मालिकेतली एक बाटली आली. डबा कोरा, लेबल कोरं, पातळी अगदी मानेत. इतकी नीटनेटकी की माझे सहकारी खूश झाले. मी टॉर्च धरला आणि वेष्टणाच्या खालच्या काठाशी केसाएवढी रेघ चमकली. मग क्रमांक घेऊन जुन्या लिलावांची छायाचित्रं चाळत बसलो. दुपार गेली. शेवटी तो क्रमांक सापडला: दीड वर्षापूर्वी कुणीतरी हीच बाटली, रिकामी, ‘शोभेसाठी’ म्हणून विकली होती. आत कुठलीतरी तरुण, स्वस्त आयला व्हिस्की भरलेली होती. पिऊन पाहिली असती तर धूर होता, आणि बऱ्याच लोकांना तेवढ्यावर पटलं असतं. त्या दिवसापासून मी ‘कोरी करकरीत’ हा शब्द ऐकला की आधी सावध होतो. तुमच्या लेबलाला लागलेली कसर मला उलट धीर देते.

नकली मालाचा आवाका लहान नाही. 2018 साली स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेत 21 दुर्मिळ म्हणवणाऱ्या बाटल्या तपासल्या, त्यातली एकही लेबलावरच्या वर्षाची निघाली नाही. त्यात 1885 ची म्हणवणारी आर्डबेगही होती. तपासाची पद्धत विलक्षण आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत कार्बन-14 वाढला. तो शेतातल्या बार्लीत उतरला, बार्लीतून व्हिस्कीत. नंतर त्याचं हवेतलं प्रमाण वर्षागणिक कमी होत गेलं. त्यामुळे थेंबभर व्हिस्कीवरून बार्ली कोणत्या काळात शेतात उभी होती ते सांगता येतं. 2017 साली स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका पाहुण्याने 1878 ची म्हणून एक पेग 9,999 फ्रँकला घेतला. तपासात ती 1970 ते 1972 च्या दरम्यानची निघाली. हॉटेलवाल्यांनी पैसे परत केले, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुमच्या बाटलीसाठी या तपासणीची गरज नाही, खर्चही परवडणार नाही. पण दुसऱ्याकडून जुनी बाटली घ्यायचा विचार कधी आला तर हे लक्षात असू द्या.

पातळी. ही बाब सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगायलाच हवी. उभ्या ठेवलेल्या, थंड कोरड्या जागेतल्या बाटलीची पातळी वीस वर्षांत काही मिलिमीटर उतरते. खांद्यापर्यंत उतरली याचा अर्थ कॉर्क सुकला आणि कोकणातल्या वीस उन्हाळ्यांनी आपला वाटा घेतला. उन्हाळ्यात आतली हवा फुगते, कॉर्कच्या कडेने वाफ बाहेर पडते, रात्री आकसते, पुन्हा दिवस उगवतो. मद्यार्क पाण्यापेक्षा लवकर उडतो, म्हणून टक्केवारीही थोडी उतरली असेल. संग्राहक छायाचित्रात आधी पातळी बघतो, मग लेबल. दोन्हीत खोट असली की बोली तिथेच अडते. यात चवीचा विचारही नसतो. 59.35 वर बाटलीत भरलेली व्हिस्की चार-पाच टक्के उतरली तरी चांगलीच जोरकस राहते. 40 टक्क्यांची असती तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो.

विकण्याबद्दल. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य विकता येत नाही, मग ती एकच बाटली असो आणि घेणारा सख्खा शेजारी असो. त्या ओळखीच्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, पण अडचणीत तुम्ही याल. बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठीही आपल्याकडे परवाना लागतो. तो नसेल तर काढून घ्या, आणि वारशाने आलेल्या बाटलीबद्दल राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कार्यालयात एकदा विचारा. इकडे लिलावात पाठवायची म्हटलं तर टपालाने किंवा साध्या कुरिअरने मद्य पाठवायच्या भानगडीत पडू नका. कुणाच्या सामानातून आणायची तर विमानातून 70 टक्क्यांपर्यंतचं मद्य नेता येतं, ब्रिटनमध्ये शुल्काविना सवलतही आहे. पण ती सवलत स्वतःच्या वापरासाठी असते. विकायला आणताय तर विमानतळावर जाहीर करून शुल्क भरावं लागतं. त्यावर लिलावगृहाचं कमिशन. एवढं करून हाती येणारी रक्कम आणि मामांची ही एकुलती बाटली, यांचा हिशेब तुम्हीच मांडा.

ठेवण्याचं म्हणाल तर, पुण्यात आणलीत हे बरं केलंत. अजून काही महिने ठेवायची असेल तर बाटली उभीच ठेवा. वाइन आडवी ठेवतात म्हणून लोक व्हिस्कीही आडवी ठेवतात आणि पस्तावतात. वाइनला कॉर्क ओला हवा असतो. साठ टक्क्यांचं मद्य कॉर्कला खाऊन टाकतं. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एक चांगली ब्रोरा अशी गमावली. दोन वर्षं आडवी होती. उघडली तेव्हा कॉर्कचा चिखल झाला होता आणि व्हिस्कीला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. ती आठवण अजून बोचते. मानेभोवती पॅराफिल्म नावाची ताणली जाणारी मेणकट पट्टी गुंडाळा, ती प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळते. सर्वांत आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट निवडा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या मात्र चुकूनही नकोत, कसर जाईल पण तो वास कॉर्कमधून आत शिरेल.

पण वर्षानुवर्षं ठेवू नका. कॉर्कने एकदा वाट करून दिली की प्रत्येक उन्हाळा पुढचा घोट नेतो. पोर्ट एलन डिस्टिलरी मार्च 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. नवी तांब्याची भांडी जुन्यांच्या बरहुकूम घडवली आहेत, त्यांच्या शेजारी प्रयोगांसाठी वेगळी लहान जोडीही आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण नवी व्हिस्की म्हणजे 1978 ची व्हिस्की नव्हे. तेव्हाची बार्ली वेगळी, यीस्ट वेगळं, भट्टीवरची माणसं वेगळी, आणि त्या थकलेल्या पिंपांत अजाणता गेलेली वर्षं तर परत आणताच येणार नाहीत. नव्या व्हिस्कीला 24 वर्षं व्हायला 2048 उजाडेल.

उघडायची तर अशी उघडा. आदल्या दिवशी खोलीच्या तापमानाला आणून ठेवा. वेष्टण कापल्यावर बाटली हळूच तिरकी करून कॉर्कचं टोक पाच मिनिटं व्हिस्कीने भिजू द्या, मग उभी करा. कॉर्क सरळ ओढू नका. एका हाताने कॉर्कचं डोकं घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली थोडी-थोडी फिरवा. तरी एवढे जुने कॉर्क बरेचदा तुटतातच. तुटला तर घाबरू नका. दोन पात्यांचा कॉर्कपुलर कडेने सरकवून बाहेर काढता येतो. तोही नसेल तर कॉर्क आत पडू द्या, व्हिस्की धुतलेल्या मलमलीतून किंवा कॉफीच्या कागदी फिल्टरमधून कोरड्या स्वच्छ काचेच्या बाटलीत गाळून घ्या. गाळल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या बाटलीचा घट्ट बसणारा कॉर्क गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून आधीच तयार ठेवा.

पहिला घास, म्हणजे घोट, बर्फाशिवाय आणि सोड्याशिवाय. तळाशी फुगीर, वर निमुळता असा ग्लास घ्या. वीस मिलिलिटर ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. इतकी वर्षं कोंडलेला वास सुरुवातीला बंद खोलीसारखा येतो, तो जाऊ द्या. मग नाक जवळ न्या, ग्लासात खुपसू नका. 1978 च्या पोर्ट एलनचा मला आठवतो तो वास असा: विझलेल्या चुलीवर पाणी शिंपडल्यावर उठते ती राखेची वाफ, मागोमाग कापलेलं ईडलिंबू, मेणबत्ती नुकती विझल्यावरचा धूर, धक्क्यावर वाळत पडलेल्या जाळ्याचा खारट दर्प. मासळीचा नव्हे, दोराचा. जिभेवर आधी तेलकट गुळगुळीत, मग मिरीचा झणका, आणि गिळल्यावर बराच वेळ कोळशाची चव.

मग पाणी. चमच्याने नव्हे, थेंबाने. 2017 साली स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर प्रतिकृती करून दाखवलं की धुराच्या वासाचा एक मुख्य घटक, ग्वायकॉल, 59 टक्क्यांच्या वरच्या मद्यात आत दडून बसतो, आणि 45 टक्क्यांपर्यंत खाली आणलं की पृष्ठभागाकडे येतो. तुमची बाटली भरली तेव्हा नेमकी त्या वरच्या रेषेवर होती! प्रत्येक चार थेंबांनंतर दोन मिनिटं थांबा आणि वास घ्या. माझ्या अनुभवात एका विशिष्ट थेंबाला लिंबू पुढे येतं आणि धूर त्याच्या मागे उभा राहतो. तो थेंब कोणता ते तुमच्या बाटलीतच सापडेल. पाणी खोलीच्या तापमानाचं, साधं, क्लोरीनचा वास नसलेलं असावं.

एका रात्रीत संपवू नका. उघडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती मोकळी होत जाते. अर्ध्याखाली आली की उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे हवा कमी लागेल. सहा महिन्यांत संपवलीत तर उत्तम. शक्य असेल तर मामांच्या जहाजावरच्या दोस्तांपैकी कुणाला बोलवा. त्यांच्यातल्या एखाद्याला ते सिंगापूरचं दुकान आठवत असेल.

आणि संपल्यावर बाटली भंगारात देऊ नका. परदेशी स्कॉचच्या रिकाम्या बाटल्यांना आपल्याकडे वेगळा भाव मिळतो तो का, हे मी वर सांगितलेल्या प्रसंगावरून कळलं असेलच. डबाही त्याच वाटेने जातो. बाटली ठेवायची असेल तर लेबलावर, मधोमध, पक्क्या शाईच्या पेनने तारीख घाला आणि त्या दिवशी बसलेल्या प्रत्येकाची सही घ्या. मामांचं नाव सर्वांत वर लिहा.